मॅगझिन: गोदाम, दुकान, काडतुसं आणि मासिक

गोदातीर (धागाकर्ता):

फ्रेंचच्या पहिल्याच धड्यात 'मागाझँ' हा शब्द येतो. अर्थ दुकान. दर वर्षी निम्मा वर्ग त्याचा अर्थ मासिक असा लिहितो, कारण कानावर मॅगझिन पडलेलं असतं. मग एखादा विद्यार्थी विचारतो, सर, बंदुकीत काडतुसं भरायच्या पेटीलाही मॅगझिनच म्हणतात ना? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी जे जमवलं ते इथे मांडतो. ज्यांना युरोपातल्या इतर भाषा येतात, किंवा जे तिकडे राहतात, त्यांनी भर घालावी यासाठीच हा धागा.

मूळ शब्द अरबी. ख-झ-न ही तीन व्यंजनं, अर्थ साठवून ठेवणं. अरबीत धातूच्या आधी 'म' लावून ती क्रिया जिथे होते त्या जागेचं नाव तयार करतात. स-ज-द म्हणजे माथा टेकणं, त्यावरून मस्जिद, म्हणजे आपली मशीद. द-र-स म्हणजे शिकणं, त्यावरून मदरसा. न-झ-ल म्हणजे खाली उतरणं, मुक्काम करणं, त्यावरून मंझिल. तिची आपण 'मजल' केली आणि मजल दरमजल करत पुढे निघालो. तसाच ख-झ-न वरून मखझन, साठवणीची जागा. अनेकवचन मखाझिन. याच धातूचा दुसरा शब्द खझाना फारसीमार्गे आपल्याकडे येऊन खजिना झाला. गणेश मंडळाचा खजिनदार आणि इंग्रजी मॅगझिन हे असे एकाच कुळातले.

युरोपात हा शब्द दोन वाटांनी शिरला. स्पेन-पोर्तुगालात अरबी बोलणारे लोक शतकानुशतकं नांदत होते. तिथे शब्द रोजच्या बोलण्यातून उचलले गेले आणि त्यांच्या पुढचं 'अल' हे उपपदही चिकटून आलं. म्हणून स्पॅनिश आल्मासेन, पोर्तुगीज आर्माझें. इटली आणि दक्षिण फ्रान्सकडे तो गलबतांवरून गेला. जेनोवा, पिसा, व्हेनिस, मार्से इथल्या व्यापाऱ्यांचा माल उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत ज्या कोठारांत पडलेला असे ती मखाझिन. तेराव्या शतकातल्या मार्सेच्या लॅटिन दस्तऐवजांत हा शब्द लॅटिन प्रत्यय लावून आलेला आहे. या वाटेवर 'अल' गळालं. साखर आणि कापसाचंही तेच झालं. स्पॅनिशमध्ये आसूकार आणि आल्गोदोन, इटालियनमध्ये झुक्केरो आणि कोतोने.

इटालियन मागाद्झीनो आजही गोदामच आहे. फ्रान्समध्ये मात्र त्याचं महत्त्व आधी लष्करामुळे वाढलं. चौदाव्या लुईचा युद्धमंत्री ल तेलिए आणि त्याच्यामागून त्या पदावर आलेला त्याचा मुलगा लूव्वा यांनी सरहद्दीवर धान्य, वैरण आणि दारूगोळ्याच्या मागाझँची साखळीच उभी केली. त्याआधी फौज जिथे जाईल तिथली गावं लुटून पोट भरायची. आता आधी कोठारं भरायची आणि मग चढाई. व्यापारात तोच शब्द माल साठवण्याच्या जागेवरून माल विकण्याच्या जागेवर सरकला आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये भव्य दुकानं निघाली तेव्हा त्यांचं नावच 'ग्रां मागाझँ' पडलं.

माझं म्हणणं असं की साठवणीचा मूळ अर्थ या सगळ्या प्रवासात कुठेही हरवला नाही. शब्द व्यापाऱ्याच्या हातून पोचला, शिपायाच्या की छापखानेवाल्याच्या, यावर त्याचा पुढचा अर्थ ठरला. पटतंय का बघा.

अबोली:

खजिनदार आणि मॅगझिनचं नातं माझ्या ध्यानीमनी नव्हतं! सर, दुकान आणि दारूगोळा समजला. मासिक कुठून आलं? आणि आपल्याकडे कुणी मासिकाला भांडार, कोठार असं नाव दिलंय का?

गोदातीर:

अबोली, मासिकाचा अर्थ इंग्रजांचा, आणि तो कुणी रुजवला हेही ठाऊक आहे. एडवर्ड केव्ह हा लंडनचा छापखानेवाला. क्लर्कनवेलमधल्या सेंट जॉन्स गेट या जुन्या वेशीत त्याचा छापखाना होता. तेव्हा लंडनमध्ये इतकी वर्तमानपत्रं निघत की एका माणसाला ती सगळी विकत घेणंही जमेना आणि वाचणंही. केव्हनं ठरवलं की त्यांतला निवडक मजकूर महिन्यातून एकदा एकत्र छापायचा. जानेवारी १७३१ मध्ये 'द जेंटलमन्स मॅगझिन' निघालं. जाहिरातीतच त्यानं म्हटलं होतं की कोठारात ठेवावा तसा उत्तम मजकूर यात जपून ठेवला जाईल. म्हणजे नाव ठेवताना त्याच्या डोळ्यांसमोर कोठारच होतं. ज्ञानाचं कोठार अशा अर्थानं पुस्तकांच्या नावात हा शब्द आधीच्या शतकातही येऊन गेला होता, पण नियतकालिकाला तो लावला केव्हनं.

पुढे सॅम्युअल जॉन्सन या मासिकात लिहू लागला. त्यानं १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, त्यात मॅगझिनचा पहिला अर्थ कोठार, शस्त्रागार असा दिला. दुसऱ्या अर्थापाशी अलीकडे हा शब्द संकीर्ण मजकुराच्या नियतकालिकालाही लावतात असं नोंदवून त्याचं श्रेय केव्हच्या मासिकाला दिलं. शब्दाला नवा अर्थ फुटताना प्रत्यक्ष पाहणारा माणूसच कोशकार असावा, असा योग फार क्वचित येतो. मला ही नोंद फार प्रिय आहे.

तिथून हा अर्थ उलट युरोपात गेला. १८३२ मध्ये लंडनला स्वस्त, सचित्र 'पेनी मॅगझिन' निघालं, आणि पुढच्याच वर्षी त्याच धर्तीवर लाइपझिगला 'फेनिग मागाझीन' आणि पॅरिसला 'मागाझँ पितोरेस्क'. आज फ्रेंचमध्ये दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. दुकान ते मागाझँ, आणि इंग्रजीतून परत आलेलं नियतकालिक ते मागाझीन.

फ्योर्डकाठ:

नॉर्वेतून लिहितेय. इथे 'मागासीन' म्हणजे मासिक आणि मोठं दुकान तर आहेच, पण बातम्यांत सगळ्यात जास्त ऐकू येतं ते धरणाच्या बाबतीत. जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयाला मागासीन म्हणतात. इथली बहुतेक वीज पाण्यावर बनते. उन्हाळ्यात डोंगरावरचं बर्फ वितळून जलाशय भरतात आणि हिवाळाभर तेच पाणी पुरवायचं असतं. मागासीन किती टक्के भरले याचा आकडा दर आठवड्याला जाहीर होतो आणि त्यावर विजेचे दर हलतात. कोयनेच्या पाणीसाठ्याची बातमी आपण जशी वाचतो तसं इथे मागासीनच्या पातळीकडे लक्ष असतं. सुरुवातीला मला हे दारूगोळ्याशी कसं जुळायचं तेच कळेना. सरांचं मूळ वाचल्यावर लख्ख कळलं.

शेजारच्या स्वीडनमध्ये अठराव्या शतकापासून 'सॉकेनमागासीन' असत, म्हणजे परगण्याच्या चर्चच्या देखरेखीखालची धान्याची कोठारं. पेरणीच्या वेळी शेतकऱ्यानं बियाणं उसनं न्यायचं आणि सुगीनंतर थोडं वाढवून धान्यातच परत करायचं. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता, त्यामुळे फिन्निशमध्येही तो शब्द 'माकासीनी' होऊन बसला. तिथली कितीतरी जुनी लाकडी माकासीनी आता गावची छोटी संग्रहालयं झाली आहेत.

नाखवा:

वाचतोय. जबरदस्त धागा.

व्होल्गा_ते_वैनगंगा:

रशियात शिकायला होतो, म्हणून तिकडची भर. रोजच्या बोलण्यात 'मगझीन' म्हणजे दुकान. किराण्याचं असो, पुस्तकांचं असो. मॉस्कोच्या लाल चौकातल्या त्या प्रचंड 'गूम' मधला 'म' हा मगझीनचाच. 'उनिवेरमाग' म्हणजे सगळं मिळणारं दुकान, त्यातला 'माग' हाही तोच. नियतकालिकाला ते 'झुर्नाल' म्हणतात. नवीन गेलेल्या मुलांची इथे हमखास गल्लत होते.

पण सरांच्या मुद्द्याला पुष्टी देणारी गोष्ट पुढची आहे. रशियनमध्ये हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ दुकान नव्हता, कोठार होता. झारच्या काळात गावोगाव दुष्काळासाठी राखीव धान्याची कोठारं होती, त्यांना मगझीनच म्हणत. साध्या दुकानाला जुना रशियन शब्द होता 'लाव्का'. शहरात पाश्चात्त्य धर्तीची काचेची दर्शनी दुकानं आली ती मगझीन झाली, आणि हळूहळू लाव्का मागे पडली.

रोमानियन सहाध्यायी होती, तिच्या भाषेत 'मागाझिन' दुकान आणि 'मागाझिए' माल ठेवायची खोली. पोलिश मित्राच्या भाषेत 'मागाझिन' म्हणजे गोदाम. एकाच खोलीत तिघं बसलो की या एका शब्दावर प्रत्येकाचं चित्र वेगळं.

मस्कतकर:

इथे ओमानमध्ये मूळ धातू रोज भेटतो. इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला 'खझ्झान' म्हणतात. टँकरवाल्याला फोन केला की पहिला प्रश्न, खझ्झान केवढा? सामान ठेवायच्या जागेला मखझन. नॉर्वेच्या ताईंनी लिहिलेलं वाचून चकित झालो, कारण अरबीत धरणालाही खझ्झानच म्हणतात. इजिप्तचं १९०२ मधलं जुनं आस्वान धरण म्हणजे 'खझ्झान आस्वान'. अरबीत टाकी आणि धरण, नॉर्वेजियनमध्ये जलाशय. मधे इटली, फ्रान्स, जर्मनी एवढा प्रवास, आणि पाणी दोन्ही टोकांना.

मोरोक्कोचे सहकारी सांगतात की त्यांच्याकडे 'मखझेन' म्हणजे राजाचं सरकार, सगळी राजसत्ता. करातून आलेलं धान्य आणि पैसा जिथे जमा होतो ते कोठार, आणि म्हणून कोठाराचा मालकही तोच.

गोदातीर:

मस्कतकर, फार मोलाची भर. मोरोक्कोचा मखझेन आणि आपली 'सरकारी खजिन्यात भरणा' ही भाषा एकाच मुळातून आलेली आहे हे त्यामुळे ठळक झालं.

मांडवीपलीकडे:

गोव्यातून. आमच्याकडे कोकणीत कपाटाला 'आर्मार' म्हणतात, मराठीत अलमारी आहेच. हे सरांनी दिलेल्या आर्माझेंचे भाऊबंद आहेत का?

गोदातीर:

नाहीत. दिसायला मात्र अगदी सख्खे वाटतात. आर्मार आणि अलमारी पोर्तुगीज 'आर्मारियो' वरून आले, आणि त्याचं मूळ लॅटिन. 'आर्मा' म्हणजे हत्यारं, अवजारं. ती ठेवायची पेटी ते आर्मारियुम. आर्माझेंमधला 'आर' मात्र अरबी 'अल' चा बदललेला उच्चार आहे.

कपाटाचा विषय निघालाच आहे तर हे सांगायलाच हवं. स्पॅनिशमध्ये 'आलासेना' म्हणून शब्द आहे, अर्थ भिंतीतलं फडताळ. तो आला अल-खझानावरून. आपल्या खजिन्याचा खरा जुळा भाऊ स्पेनच्या स्वयंपाकघरात फडताळ होऊन बसला आहे, आणि त्यात बशा आणि बरण्या असतात.

मांडवीपलीकडे:

धन्यवाद सर. पोर्तुगीजमध्ये जकातीच्या कचेरीला 'अल्फांदेगा' म्हणतात, तोही असाच अरबी असणार.

गोदातीर:

हो. अरबी फुंदुक, म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांनी उतरायची आणि माल ठेवायची सराई. तो शब्द अरबांनी ग्रीकांकडून घेतला होता. व्हेनिसमध्ये तोच 'फोंदाको' झाला. रिआल्तो पुलाजवळची जर्मन व्यापाऱ्यांची ती मोठी इमारत, फोंदाको देई तेदेस्की, आजही उभी आहे. मखाझिन आणि फुंदुक हे दोन शब्द एकाच व्यापारातून, एकाच बंदरांतून युरोपला मिळाले.

गोव्याशी एक धागा खराखुरा जुळतो. इंग्रजीत मॅगझिन हा शब्द १५८० च्या दशकात दिसू लागतो. अर्थातच कोठार या अर्थानं. हेच ते दशक जेव्हा लंडनचे व्यापारी तुर्की मुलखात थेट उतरू लागले. त्यांच्या तुर्कस्तान कंपनीला १५८१ मध्ये सनद मिळाली. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे व्यापारी अलेप्पो, बसरा करत होर्मूझला पोचले. पोर्तुगीजांनी त्यांना हेर समजून पकडलं आणि गोव्याच्या तुरुंगात धाडलं. तिथे त्यांची सुटका व्हायला मदत केली एका इंग्रज जेझुइट पाद्र्यानं. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स, ज्यानं पुढे मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. अरबी बंदरांतली शब्दसंपत्ती इंग्रजांच्या जिभेवर बसत होती ती अशाच माणसांच्या प्रवासांतून.

मांडवीपलीकडे:

फादर स्टीफन्स या धाग्यात भेटतील असं वाटलं नव्हतं. राशोलला ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. माझं गाव तिथून जवळच आहे.

नाखवा:

मुंबईची भर माझ्याकडून. रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, बंदराच्या बाजूला जिथे जहाजं तोडतात आणि लोखंडाचे ढीग पडलेले असतात त्या भागाला दारूखाना म्हणतात. नव्या माणसाला वाटतं पिण्याची दारू. ती दारू म्हणजे तोफेची, बंदुकीची. तिथल्या एका रस्त्याचं नावच मॅगझिन स्ट्रीट. वडील तिथे एका वखारीत कामाला होते. लहानपणी मला त्या नावाचा उलगडा होत नसे. मासिकं तर तिथे एक दिसायचं नाही, सगळा साखळदंड, नांगर आणि गंजका पत्रा. एकाच वस्तूची दोन नावं त्या भागाला चिकटली आहेत, एक आपलं आणि एक इंग्रजांचं.

दिल्लीतही ११ मे १८५७ ला बंडवाल्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी स्वतःच सुरुंग लावून उडवलं ते मॅगझिनच. लेफ्टनंट विलोबी नावाचा अधिकारी तिथे होता. काश्मिरी गेटजवळ त्या मॅगझिनचं दार अजून उभं आहे.

अबोली:

नाखवा, मग बंदुकीतली पेटी?

नाखवा:

आधी इमारत, मग जहाजावरची दारूगोळ्याची कोठडी, मग बंदुकीच्याच पोटातली जागा. एक गोळी झाडून परत भरायची तेव्हा तिची गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकात लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या रायफली आल्या आणि काडतुसांचा साठा बंदुकीतच ठेवावा लागला. पोलिसांकडची थ्री नॉट थ्री ज्या घराण्यातली, तिच्या एका प्रकाराचं पूर्ण नावच शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. दहा काडतुसं मावायची. दोन्ही महायुद्धांत आपल्या जवानांनी तीच वापरली.

तर्कटी:

धागा माहितीपूर्ण आहे, पण मूळ सिद्धान्त मला जरा ओढून ताणून वाटतो. मूळ अर्थ ठाऊक असला की पुढचं सगळं तर्कशुद्ध दिसायला लागतं. एखाद्या भाषेत त्याचा अर्थ भलताच, समजा 'छत्री', झाला असता तरी आपण म्हटलं असतं की छत्रीतही माणूस साठवला जातो. गोदामाचं दुकान आणि गोदामाचं मासिक हा योगायोग नाही हे कसं ठरवणार?

गोदातीर:

तर्कटी, हा आक्षेप घ्यायलाच हवा होता. याची तपासणी अशी करता येते: मखझनशी काहीही नातं नसलेला, पण त्याच अर्थाचा दुसरा शब्द घ्यायचा आणि तो त्याच दिशेनं सरकतो का ते पाहायचं.

ग्रीक 'आपोथेके' म्हणजे कोठार. लॅटिनमार्गे त्याचं फ्रेंचमध्ये काय झालं? 'बुतीक', छोटं दुकान. तेच बुटीक आज आपल्याकडे तालुक्याच्या गावातही ब्लाउज शिवून देतं. स्पॅनिशमध्ये झालं 'बोदेगा', दारूचं तळघर, आणि कित्येक ठिकाणी दुकानही. जर्मनमध्ये 'आपोटेके', औषधांचं दुकान. अमेरिकन इंग्रजीतलं 'स्टोअर' बघा. आणि आपलं 'भांडार'? भांडारात साठवण असते. पण खादी भांडार, ग्राहक भांडार, वस्त्रभांडार ही चक्क दुकानं. मराठीला हे फ्रेंचांनी शिकवलेलं नाही. माल साठवणारा आणि विकणारा एकच असतो, गिऱ्हाईक कोठाराच्या दारातच येऊन उभं राहतं, म्हणून चार वेगवेगळ्या शब्दांचा प्रवास सारखा झाला.

आता ग्रंथाकडे. ग्रीक 'थेसाउरोस' म्हणजे खजिना, आणि त्यावरून थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश. संस्कृत 'कोश' म्हणजे धनाचा साठा, म्हणून खजिनदाराला कोषाध्यक्ष म्हणतात. आणि त्याच शब्दावरून अमरकोश, शब्दकोश, ज्ञानकोश. ग्रीक, संस्कृत आणि अरबी, या तिन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. तिन्ही ठिकाणी साठवणीची जागा ग्रंथाचं नाव झाली.

छत्रीपर्यंत तो का गेला नाही याचं उत्तर यात आहे असं मला वाटतं.

तर्कटी:

कोश आणि थिसॉरसचा पुरावा मान्य. बुतीकचा तर फारच आवडला. माझी एक शंका उरते. दुकान हा अर्थ इंग्रजीत का आला नाही?

गोदातीर:

इंग्रजीकडे 'शॉप' घट्ट बसलेला होता आणि मॅगझिन त्यांच्याकडे दारूगोळ्याच्या संगतीनंच जास्त वावरला. रशियनमध्ये नव्या तऱ्हेच्या दुकानाला नावाची गरज होती, ती जागा त्यानं घेतली.

पाटीपेन्सिल:

ग्रंथालयात काम करते. जर्मन ग्रंथालयांत वाचकांना थेट जाता येत नाही अशा आतल्या पुस्तकांच्या दालनाला 'मागाझीन' म्हणतात. सूचीत पुस्तकापुढे तसा शेरा असला की मागणीचिठ्ठी भरायची आणि वाट बघायची. त्यामुळे मागाझीनमध्ये मागाझीन असणं, म्हणजे आतल्या दालनात जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड असणं, हे तिकडे रोजचंच.

अबोलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलंय. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांनी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक काढलं. जुन्या बखरी, पत्रं, काव्यं घरोघरच्या दप्तरांत पडून होती. ती मिळवून दर महिन्याला थोडी थोडी छापायची हा त्यांचा उद्योग. नावातच संग्रह. केव्हनं ज्या अर्थानं मॅगझिन म्हटलं त्याच अर्थाचं हे मराठी नाव, आणि काम मात्र केव्हपेक्षा कितीतरी कष्टाचं. ते झालं नसतं तर किती बखरी वाळवीच्या पोटात गेल्या असत्या!

अबोली:

काय सुंदर उदाहरण दिलंत ताई. आता प्रश्न असा, की युरोपात जाऊन आलेला हा शब्द पुन्हा पूर्वेकडे परतला का?

मस्कतकर:

परतला. इथे इराणी दुकानदार बरेच आहेत. फारसीत दुकानाला 'मगाझे' म्हणतात, तो फ्रेंच मागाझँवरून घेतलेला. खजिना आणि मखझन हे मूळ अरबी शब्द फारसीत आधीपासून होतेच. म्हणजे त्याच कुळातला शब्द पॅरिसला जाऊन आला आणि नवा म्हणून नांदू लागला. तुर्कीतही तसंच. 'माहझेन' म्हणजे तळघर, तो सरळ अरबीतून. 'माआझा' म्हणजे दुकान, तो युरोपातून फिरून आलेला. ग्रीकमध्ये 'मागाझी', तेही दुकान.

गोदातीर:

आणि उर्दूत तर मूळ शब्दच मासिकाच्या नावावर आला. १९०१ मध्ये शेख अब्दुल कादिर यांनी लाहोरहून उर्दू मासिक काढलं, त्याचं नाव 'मखझन'. इक्बालांची 'हिमाला' ही कविता त्याच्या पहिल्याच अंकात, एप्रिल १९०१ मध्ये छापली गेली. इंग्रजी शिकलेले संपादक, इंग्रजी मॅगझिनसारखं मासिक काढायचं ठरवतात आणि त्या इंग्रजी नावाच्या मुळाशी असलेला अरबी शब्द त्याला देतात. मस्कतकर, उर्दू वाचणारे कुणी तिकडे असतील तर या मासिकाच्या जुन्या अंकांबद्दल जरूर विचारा. पाटीपेन्सिल ताई, तुमच्या ग्रंथालयात काव्येतिहाससंग्रहाचे कोणते खंड आहेत तेही कळवा. सुट्टीत येऊन बघेन म्हणतो.